तिसरीतल्या मुलाची मानसशास्त्रीय चाचणी करावी का?

साताऱ्याची_आई
नमस्कार. माझा मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत आहे, सेमी इंग्रजीला. परवा पालकसभेनंतर बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "याची एकदा मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या." तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही.

गोष्ट सांगायला लावा, तासभर सांगेल. गणपतीच्या देखाव्याचे दिवे यंदा काकाबरोबर त्यानेच जोडले. पण वही उघडली की रडकुंडीला येतो. काल 'दिवस' लिहायचं होतं. द, व, स काढलं आणि पेन्सिल धरून बसून राहिला. वेलांटी ऐकू येते द-च्या नंतर, काढायची मात्र द-च्या आधी, हे त्याला काही केल्या जमत नाही. मग खोडत राहतो, कागदाला भोक पडेपर्यंत.

सासूबाई म्हणतात, वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला नेताय. हे म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. चाचणीत नेमकं काय करतात? पोरावर शिक्का बसेल का?

निवृत्त_प्राथमिक_शिक्षिका
आधी डोळे आणि कान तपासून घ्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीला आम्ही वर्षभर 'ढ' समजत होतो. तिला डाव्या कानाने ऐकूच येत नव्हतं आणि मी तिला उजवीकडच्या भिंतीला बसवलं होतं. अजून वाईट वाटतं.

बारावीच्या_मुलीची_आई
ताई, माझी मुलगी 'पंचवीस' ऐकून ५२ लिहायची. आपण पाच आधी म्हणतो ना! बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी पद्धत आणली तेव्हा सगळीकडे खिल्ली उडाली. मला मात्र रडू आलं.

आम्हीही 'पुढच्या वर्षी बघू' करत पाचवीपर्यंत थांबलो. ती दोन वर्षं तिने रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणत काढली. तुम्ही थांबू नका.

चाचणी म्हणजे सुई नाही, मशीन नाही. आमच्या दोन सकाळी गेल्या. आधी माझ्याशीच बोलले: बाळंतपण कसं झालं, बोलायला कधी लागली, घरात कोणाला असा त्रास होता का. मग बुद्धिमापन. आमच्याकडे बिने-कामत वापरली. मूळ चाचणी १९०५ सालची, फ्रान्समधली. कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. मग वाचन, शुद्धलेखन, गणितं, आणि तीही खालच्या इयत्तांपासून. हिची बुद्धी चांगली निघाली आणि वाचन दुसरीचं. हे अंतरच ते शोधत असतात. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडणं, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

दोन गोष्टी आवर्जून विचारा. वाचनाची तपासणी मराठीत होणार का? घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला फक्त इंग्रजी उतारा देऊन काय कळणार? मराठीसाठी तयार केलेल्या चाचण्या आहेत, 'डाली' त्यातलीच. आणि नुसता आयक्यूचा आकडा घेऊन घरी येऊ नका. कुठे अडतंय आणि रोज काय करायचं, हे लेखी मागा. आमच्या पहिल्या ठिकाणी आकडा दिला आणि पाठवून दिलं. त्या कागदाचा काडीचा उपयोग झाला नाही.

शिक्क्याचं म्हणाल, तर 'आळशी' हा शिक्का आधीच बसलेला असतो. तो पुसला जातो. डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणींना 'अध्ययन अक्षमता' म्हणतात, आणि ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी सरकारी प्रमाणपत्र लागतं, खासगी अहवाल चालत नाही. त्याला वेळ लागतो, म्हणून चौकशी आतापासून करून ठेवा.

आणि त्याला सांगताना 'परीक्षा' म्हणू नका. हिला मी म्हटलं होतं, "तुला कसं शिकवायचं ते आम्हाला शिकायचंय."

साताऱ्याची_आई
ताई, बाई, दोघींचे आभार. डोळे-कान तपासायला शनिवारची वेळ घेतली आहे. हे सगळं यांना वाचायला दिलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मलाही चौथीपर्यंत वाचता येत नव्हतं. रोज छड्या खायचो." चाचणीच्या दोन्ही दिवशी तेच रजा काढणार आहेत.