रविवार संध्याकाळची धास्ती आणि स्वयंसूचना

प्रश्न (खानापूर)
सर्वांस नमस्कार. मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) गुणवत्ता तपासणीचे काम करतो. आधीच्या आठवड्यात किती कास्टिंग (ओतीव भाग) रिजेक्ट झाली आणि कशामुळे, याचा अहवाल सोमवारी सकाळी सर्वांसमोर कन्नडमधून सांगावा लागतो. कन्नड मला उत्तम समजते, पण घाईत बोलताना शब्द अडतात. त्यामुळे रविवारी दिवेलागण झाली की पोटात गोळा येतो आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मोबाइलवर ऐकून मी ‘मी निर्भय आहे, माझा आठवडा उत्तमच जाणार’ अशी वाक्ये म्हणतो. परंतु मन आतून ती नाकारत राहते आणि धास्ती उलट वाढते. अशा स्वयंसूचनांचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर (टिळकवाडी)
मन नाकारते, यात आपला काहीही दोष नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांचा आत्मसन्मान मुळातच कमी होता त्यांना स्वतःविषयीचे गोड वाक्य पुन्हा पुन्हा म्हटल्यावर अधिकच वाईट वाटले. जे वाक्य पटत नाही, ते म्हणताना मन त्याविरुद्धचे पुरावे गोळा करू लागते. म्हणून वाक्य पटण्याजोगे असू द्यावे: ‘शब्द अडला तर मी क्षणभर थांबेन, आकडा दाखवेन आणि पुढे सांगेन.’ यात निर्भयतेचा दावा नाही. अडखळण्याची शक्यता मान्य करून पुढची कृती ठरवलेली आहे, आणि माझ्या मते बळ त्यातच आहे.

दुसरे असे की, ‘मी’ऐवजी स्वतःला नावाने हाक मारून किंवा ‘तू’ म्हणून समजावून पाहावे. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या 2014 सालच्या संशोधनात, भाषणापूर्वी असे स्वतःशी बोलणाऱ्यांची बेचैनी ‘मी’ म्हणणाऱ्यांपेक्षा कमी राहिली आणि त्यांचे भाषणही सरस झाले. मनाला समोर बसवून समजावण्याची रीत आपल्या संतपरंपरेतही आहेच, त्यामुळे आपल्याला ती परकी वाटू नये.

उत्तर (निपाणी)
वरील मताशी सहमत आहे, परंतु केवळ वाक्यांवर विसंबू नये. अमेरिकेत 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झोपण्यापूर्वी 5 मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे 9 मिनिटे लवकर झोप लागली; यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. आपण रविवारी दुपारीच अहवालाची पहिली दोन वाक्ये कन्नडमध्ये, हवे तर देवनागरीत लिहून काढावीत आणि मोठ्याने म्हणावीत. वाळूतील दोष, वायूची छिद्रे, आकुंचन यांसाठी लागणारे शब्द दर आठवड्याला तेच असतात. ते एखाद्या कन्नडभाषक सहकाऱ्याकडून एकदा नीट करून घेतले की स्वयंसूचनेला खरा आधार मिळेल. कोणीही मनापासून मदत करील, असा आपल्या भागातला माझा अनुभव आहे.

उत्तर (शहापूर)
झोप न येणे आणि जेवण न जाणे आठवडाभर टिकत असेल, तर ही रविवारपुरती हुरहुर समजू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते व भाषाही निवडता येते. प्रत्यक्ष भेटायचे झाल्यास धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्यापासून फार दूर नाही.