मदत हवी आहे: सीएनसीमधली ‘अचूकता’ म्हणजे नेमकी कोणती?

नमस्कार राजेहो,

आर्वी तालुक्यात माझं सुतारकामाचं दुकान आहे. सागवानी दारं, देव्हारे, असंच. दिवाळीच्या आधी एक जुनं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं-कापणारं मशीन, घेतलं. नक्षी ठीक निघते, पण गोल कापला की बरोबर डाव्या अन् उजव्या टोकाला बारीक सपाट चट्टा येतो. वर-खाली नाही.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, “भाऊ, मशीन दीड मायक्रॉनची आहे!” मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिशोब करून पाहिला, आकडा खोटा नाही. स्टेपर मोटर पावला-पावलानं फिरते, तिचं एक पाऊल १.८ अंशाचं, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावलं. मोटर चालवणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, झाले ३२००. तेवढ्या एका फेऱ्यात बॉलस्क्रू, म्हणजे आट्यांचा दांडा, टेबल ५ मिमी सरकवतो. भागाकार ०.००१६ मिमीच्या आत येतो. पण हे झालं रिझोल्यूशन. एवढं बारीक सांगता येतं म्हणजे टेबल तिथे पोचतंच, असं कुठे आहे?

म्हणून एक्स अक्षावर, म्हणजे डाव्या-उजव्या चालीवर, डायल गेज (बारीक फरक काट्यानं दाखवणारं माप) लावला. डावीकडून एकाच जागी दहा वेळा आणलं, काटा दोन घरांत, म्हणजे ०.०२ मिमीत राहिला. उजवीकडून त्याच जागी आणलं तर ०.१८ मिमीचा फरक, अन् दरवेळी जवळपास तेवढाच. माझ्या समजुतीनं हा बॅकलॅश, म्हणजे दिशा पलटताना स्क्रू अन् नटमधल्या मोकळ्या जागेत वाया जाणारी चाल. गोलाच्या त्याच दोन टोकांना एक्सची दिशा पलटते, चट्टा तिथेच.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

स्क्रूवरचा नट बदलू, की मशीन चालवणाऱ्या मॅक-थ्री सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (तेवढ्या फरकाची भरपाई) टाकून भागेल? मला धास्ती अशी, की कटरचा जोर आला की टेबल त्या मोकळ्या जागेत हलणारच. सॉफ्टवेअर त्याला काय धरून ठेवणार? की आधी मोटर अन् स्क्रू जोडणारं कपलिंग तपासू? तिथलाही स्क्रू ढिला असू शकतो.

दुसरी शब्दांची. दहावी झालेले दोन पोट्टे हाताखाली आहेत. अ‍ॅक्युरसी अन् प्रिसिजन, दोन्हीला मराठीत ‘अचूकता’च लिहिलेलं सापडतं, मग समजवायचं कसं? मी गोट्यांचं उदाहरण देतो: दरवेळी नेमापासून दोन बोटं डावीकडेच पडली, तर हात बसलेला आहे (प्रिसिजन आहे), नेम चुकलेला आहे (अ‍ॅक्युरसी नाही). रिपीटॅबिलिटीला, म्हणजे दरवेळी त्याच जागी येण्याला, ‘पुनरावृत्तीक्षमता’ म्हटलं की पोट्टे हसतात. ‘हात बसणं’ चालेल का? अन् बॅकलॅशला आम्ही ‘प्ले’च म्हणतो, तुमच्याकडे काय म्हणतात?

डायल गेजचे फोटो संध्याकाळी टाकतो, आत्ता लाईन नाही.