'व्यंग लिहितो' म्हटलं की काहींना पोटात का दुखतं?

रामबागकर:
काल एका पुणेकर सद्गृहस्थांनी आपल्या इंदूरवाल्यांना सुनावलंय, "व्यंग म्हणजे शरीरातला दोष. 'मी व्यंग लिहितो' ही हिंदाळलेली मराठी, उपहास म्हणा." झाला निकाल! अहो, तो शब्द व्यंग्य आहे, शेवटी य. व्यंग म्हणजे वि अधिक अंग. व्यंग्य आलाय अञ्ज् धातूवरून, व्यक्त आणि व्यंजना तिथलेच. बोलायचं एक, सुचवायचं दुसरं, तो व्यंग्यार्थ. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाचं 'सूर्य मावळला' हे उदाहरण बीएला घोकलंय, गुराख्यासाठी अर्थ गुरं वळव, दुकानदारासाठी माल आवर. आमच्या सराफ्यात तर सोन्याची दुकानं मिटतात तेव्हा चाटवाल्यांची सुरू होतात, म्हणजे तिसराच अर्थ. हिंदीने शब्द टोमण्यापर्यंत आणला हे मान्य, पण त्यात दोष कुठून आला?

सदाशिवपेठी:
तो गृहस्थ मीच. व्युत्पत्ती मलाही येते. य लिहितं कोण तुमच्याकडे? पत्रिकेवर चक्क 'हास्य-व्यंग संध्या' छापलेलं मी पाहिलंय. मराठी माणूस ते काय वाचेल?

मालव_ताई:
काकांचं थोडं बरोबर आहे (थोडंच). मामेभावाचं स्थळ साताऱ्याला चाललं होतं, आत्याने फोनवर कौतुकाने सांगितलं, मुलाचं व्यंग फार छान आहे, पेपरात पण आलंय. पलीकडे एकदम शांतता. मग हळूच, "कुठल्या पायात?"

रामबागकर:
😂 तरी पण मग व्यंगचित्राचं काय? १९६० ला मार्मिक निघाला तो काय अपंगांची चित्रं छापायला?

सदाशिवपेठी:
चित्रात नाक, पोट, दात, जे वाकडं ते मोठं करून काढतात. म्हणजे माझाच मुद्दा. आणि तुमच्या मध्य प्रदेशातले हिंदी व्यंग्यकार हरिशंकर परसाई, १९८२ चा साहित्य अकादमी मिळालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'विकलांग' आहे. हिंदीवाल्यांना दोन्हीतला फरक कळतो, तुम्हीच 'शिक्षा घेतली' म्हणत फिरता.

पोहे_जिलेबी:
घ्या, आली गाडी शिक्षेवर. भिया, मी शिकायला पुण्यात होतो, एकदा बोलून गेलो "तो मला स्टेशनवर मिळाला", तर हॉस्टेलात वर्षभर विचारायचे, हरवला होता का? आता त्याच पोरांचे मेसेज येतात, "भावा, माझी मदत कर ना". माझी मदत! मराठीत 'मला मदत कर' म्हणतात हे इंदूरच्या माणसाने सांगायचं का? आम्ही होळकरांच्या काळापासून हिंदीच्या गराड्यात राहून मराठी टिकवली, तुमच्याकडे हिंदी टीव्हीवरून शिरली तर महिनाभर दम निघाला नाही.

सदाशिवपेठी:
टिकवली?? 'भिया' म्हणून सुरुवात करणाऱ्याने टिकवल्याचं सांगू नये.

पोहे_जिलेबी:
भिया आमचा मालवी आहे, मराठी म्हणून खपवत नाही. तुमचं 'माझी मदत' मात्र मराठी म्हणून सिरीयलीत चालतं.

मालव_ताई:
अहो मूळ विषय व्यंग्य होता ना? मम्मट कुठे गेला?

पोहे_जिलेबी:
मम्मट गेला सराफ्यात.

सदाशिवपेठी:
'माझी मदत' चूक आहे, आमच्या घरात पण सून म्हणते, मी रोज सुधारतो. व्यंग्य य लावून लिहिणार असाल तर माझी हरकत नाही. पण लिहा, नुसतं सांगू नका.

रामबागकर:
काय हो हा मोठेपणा! पुढच्या पत्रिकेचं प्रूफ तुम्हालाच पाठवतो, य मोजून घ्या.

सदाशिवपेठी:
पाठवा. ताई, त्या मामेभावाचं पुढे काय झालं?

मालव_ताई:
ग्वाल्हेरची मुलगी मिळाली. हो, मिळाली. हरवली नव्हती.