परवानगी घेतली, पण कोणाची? सॅम्पलिंग आणि रिमिक्सबद्दल चर्चा

तबकडी (धागाकर्ती):
जुन्या गाण्याचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, नव्या गाण्यात आला की पहिला प्रश्न असतो, "हक्क घेतले होते का?" उत्तर "हो" आलं की विषय संपतो. माझ्यासाठी तो तिथे संपत नाही. हक्क बहुतेक वेळा कंपनीच्या कपाटात असतात. ज्याच्या गळ्यातून किंवा हातांतून तो आवाज निघाला, त्याला कोणी विचारतही नाही.

1969 मधलं द विन्स्टन्स या बँडचं 'अमेन, ब्रदर' घ्या. मध्येच बाकीची वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन काही सेकंद एकटा ड्रम्स वाजवतो. तेवढ्या तुकड्यावर पुढे जंगल आणि ड्रम अँड बेस हे संगीतप्रकार उभे राहिले. हजारो गाण्यांत तो वाजला. कोलमनला त्यातून काहीही मिळालं नाही. 2006 मध्ये तो गेला तेव्हा बेघर होता. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी 2015 मध्ये चाहत्यांनी सुमारे 24,000 पाउंड जमवून दिले. म्हणजे शेवटी हातात आली ती वर्गणी, हक्काचे पैसे नव्हेत.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचं नाव आणि कमाईतला वाटा दिल्याशिवाय सॅम्पल वापरणं अनैतिक आहे, कागदपत्रं कितीही पक्की असोत. असहमत असाल तर जरूर लिहा.

दुगुन:
असहमत. कोलमनवर अन्याय झाला, यात दुमत नाही. पण त्यावरचा तुमचा उपाय नव्या कलाकाराचा गळा दाबेल.

1991 मध्ये बिझ मार्की या अमेरिकी रॅपरने गायक गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या गाण्याचं सॅम्पल परवानगीशिवाय वापरलं म्हणून अमेरिकेत खटला झाला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. त्याआधी हिप-हॉपमध्ये डझनावारी तुकडे एकमेकांत विणून अख्खे अल्बम केले जात. निकालानंतर प्रत्येक तुकड्यासाठी दोन परवानग्या आवश्यक झाल्या, एक रचनेची आणि एक ध्वनिमुद्रणाची. तशी विणकाम केल्यासारखी रचना परवडेनाशी झाली. त्यात तुम्ही तिसरी अट घालताय. ती बड्या कंपन्या सहज पाळतील. घरात एका संगणकावर काम करणारी मुलगी नाही पाळू शकणार.

आणि उसनवारी संगीताला नवी आहे का? एकच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या किती गवई गातात!

तबकडी:
बंदिशीचा दाखला इथे लागू पडत नाही. गवई ती स्वतःच्या गळ्याने, स्वतःच्या रियाझावर गातो. सॅम्पलमध्ये दुसऱ्याचा गळाच उचललेला असतो.

'थोडा रेशम लगता है' हे 1981 चं गाणं, संगीत बप्पी लाहिरींचं. 2002 मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह'मध्ये ते न विचारता वापरलं गेलं. लाहिरींचं नाव दिल्याशिवाय अल्बम विकायला तिथल्या न्यायालयाने मनाई केली, हे उत्तमच झालं. पण त्या गाण्यात सतत ऐकू येतो तो आवाज लता मंगेशकरांचा आहे! संगीतकाराला नावासाठी कोर्टात जावं लागतं, तिथे कोरसमधल्या किंवा ढोलक वाजवणाऱ्या कलाकाराने कुठे जायचं?

खर्ज:
इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. सॅम्पल म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातला तुकडा. रीमेक म्हणजे तीच चाल नव्याने गाऊन-वाजवून घेणं. मला रीमेक जास्त खटकतो. सॅम्पल करणारा निदान जुन्या तुकड्यातून वेगळं काही घडवायला बघतो. रीमेकमध्ये अनेकदा ओळखीचा मुखडा ठेवतात, अंतरे कापतात, खाली ठोका वाढवतात आणि मूळ गाण्याची पुण्याई वापरून घेतात. 2020 मध्ये 'मसक्कली'ची नवी आवृत्ती आली तेव्हा मूळ संगीतकार ए. आर. रहमान यांनी उघडपणे मूळ गाणं ऐका असं सांगितलं आणि त्यामागे किती वादकांची मेहनत होती तेही लिहिलं. हक्क कंपनीकडे होते, त्यामुळे 'परवानगी'चा प्रश्नच नव्हता. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 म्हणतं की हक्क विकले तरी, प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला रचनाकार हरकत घेऊ शकतो. प्रत्यक्षात त्याच कंपनीकडे पुढचं काम मागायचं असताना किती जण कोर्टात जातील?

दुगुन:
खर्ज, रीमेकबद्दल तुमच्याशी बराचसा सहमत. पण हरकतीचा अधिकार ताणला की काय होतं तेही बघा. क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या 1977 च्या ध्वनिमुद्रणातले दोन सेकंद एका जर्मन निर्मात्याने 1997 मध्ये वापरले. वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, 2019 मध्ये तिथला निकाल आला आणि तरीही प्रकरण मिटलं नाही. दोन सेकंदांच्या ठोक्यासाठी!

तबकडी:
मी नकाराधिकार मागतच नाहीये. वापरा, हवं तसं कापा, उलटं वाजवा. फक्त ध्वनिमुद्रणात कोण होतं ते लिहा आणि कमाई झाली तर वाटा द्या. कमाई नसेल तर देणंही नाही, म्हणजे तुमच्या घरात काम करणाऱ्या मुलीवर बोजा पडत नाही. प्रत्येक वेळी गाणं वाजलं याची नोंद गाणी ऐकवणाऱ्या ॲपकडे असते, मग वादकाच्या नावाचा एक रकाना वाढवणं अशक्य कसं?

दुगुन:
नावाचा मुद्दा पटला, उद्यापासून सक्तीचा केला तरी माझी हरकत नाही. वाट्याचा नाही पटला. जुन्या ध्वनिमुद्रणांत तीस-चाळीस वादक असायचे आणि कित्येकांची नावं कुठे लिहिलेलीच नाहीत. त्यांचा वाटा कोण सांभाळणार? ज्या कंपन्यांनी नावं लिहिली नाहीत, त्याच ना?

खर्ज:
कंपन्यांकडे नकोच. वादकांच्या संघटनांकडे द्या. आणि नावं अजून सांगू शकतील असे वादक हयात आहेत तोवर ती लिहून घ्या.