इलेक्ट्रिक गाडीची वाढीव वॉरंटी: घ्यावी की सरळ एफडी करावी?

गोदाकाठ
पुढच्या महिन्यात गाडीला ३ वर्षं होतात. मीटरवर ४१ हजार. गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच घसरेल. सर्व्हिस सेंटरवरून एक दिवसाआड फोन येतोय: २ वर्षांची वाढीव वॉरंटी ३४ हजार, ३ वर्षांचं सर्व्हिस पॅकेज २१ हजार, जीएसटी धरून. वर पुन्हा "सर, बॅटरी गेली तर केवढ्याला पडेल विचार करा!" अरे बाबा, बॅटरी आणि मोटरला मुळातच ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी आहे, ती कुठे संपतेय?

मागच्या सर्व्हिसचं बिल समोर ठेवून लिहितोय. केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल, अलाइनमेंट, धुलाई. ४,३०० रुपये. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. रीजनवर चालवतो (पाय उचलला की मोटरच वेग कमी करते आणि बॅटरीही थोडी भरते), त्यामुळे ब्रेक पॅड अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक. वर्षाला एक सर्व्हिस, मग ७ हजार कशाचे द्यायचे? माझं मत, दोन्ही घेऊ नये. ५५ हजारांची एफडी करावी आणि गप्प बसावं.

किलोवॉट_काका
पॅकेजबद्दल सहमत. वॉरंटीबद्दल अजिबात नाही.

अहो, बॅटरी सहसा जात नाही, तिच्या आजूबाजूचं जातं. माझी गाडी ३ वर्षं ५ महिन्यांची होती. रात्री नेहमीसारखी प्लगला लावली, सकाळी बघतो तर ३८ टक्क्यांवरच. वॉल बॉक्स (भिंतीवरचा चार्जर) बदलून पाहिला, १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावून पाहिली, ढिम्म. हायवेच्या डीसी फास्ट चार्जरवर मात्र व्यवस्थित चार्ज होई. म्हणजे गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर गेला. एसी करंटचा डीसी करणारा डबा तो, फास्ट चार्जिंगला त्याची गरजच पडत नाही. पार्ट यायला ३ आठवडे. तोवर दर दोन दिवसांनी पंपावर जाऊन बसायचो, नळ गेलेल्या चाळीतून टँकरवर हंडा घेऊन जावं तसा. एस्टिमेट ९६ हजारांचं. वाढीव वॉरंटी होती म्हणून खिशातून शून्य.

हा चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीवरून १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरणारा), एसीचा कॉम्प्रेसर (बऱ्याच गाड्यांत बॅटरीही तोच थंड ठेवतो), डॅशबोर्डचा स्क्रीन. यातलं काय काय ८ वर्षांच्या वॉरंटीत येतं ते आपलं पुस्तक उघडून बघा. माझ्या पुस्तकात यातलं एकही नव्हतं.

आकडेमोड
काका, तुमचा अनुभव खरा, पण त्यावरून हिशोब होत नाही. ३४ हजार भरून ९६ हजार वाचवायचे तर निव्वळ बरोबरी व्हायलाच ३५ टक्के शक्यता हवी. दोन वर्षांत दर तीन गाड्यांतल्या एकीचा एवढा मोठा पार्ट जातो असं म्हणायचंय का? तसं असेल तर कंपनीने ही वॉरंटी ३४ हजारांत विकलीच नसती. त्यांच्याकडेही गणित येणारी माणसं आहेत.

शिवाय वाढीव वॉरंटीत काय येत नाही तेही वाचा. टायर, वायपर, ब्रेक पॅड नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी १२ व्होल्टची छोटी बॅटरीही नाही. माझी हीच गेली होती, ऐन पावसात. दाराचं लॉक तिच्यावरच चालतं. मोठ्या बॅटरीत ८० टक्के चार्ज आणि गाडीचं दार उघडेना!

किलोवॉट_काका
सरासरी कंपनीला लागू, तिच्याकडे हजारो गाड्या आहेत. माझ्याकडे एकच आहे. मेडिक्लेम भरता ना? तिथे हे ३५ टक्के काढलेत का कधी?

आकडेमोड
मेडिक्लेममध्ये २० लाखांचं बिल येऊ शकतं, माणूस उद्ध्वस्त होतो. ९६ हजारांनी दिवाळी कडू होईल, घर विकावं लागणार नाही.

स्टँडवरचा_सारथी
तुम्ही सगळे वर्षं मोजताय, आम्ही किलोमीटर मोजतो. दिवसाला २००, महिन्याला २६ दिवस, वर्षाचे ६२ हजारांवर जातात. १ लाख ६० हजार अडीच वर्षांत संपले, ८ वर्षं राहिली कागदावर. आणि आता जाहिरातीत जी 'लाइफटाइम' बॅटरी वॉरंटी दिसते ती खासगी नोंदणीच्या पहिल्या मालकासाठी. महिंद्राने बीई ६ ला तशीच दिली आहे, टाटाने तर लाइफटाइम म्हणजे १५ वर्षं असं धरलंय. टॅक्सी पासिंगवाल्याने त्यात जीव गुंतवू नये.

अजून एक. रेंज कमी झाली म्हणून बॅटरी बदलून मिळत नाही. क्षमता पुस्तकात लिहिलेल्या टक्क्याच्या खाली गेली पाहिजे, तीही त्यांच्या मशीनवर. माझी २५० वरून २१५ वर आली तर "नॉर्मल आहे दादा" म्हणाले.

वाशिष्ठीची_लेक
मी चिपळूणची. २०२१ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर अजून दिसतं. इथे एक गोष्ट सगळे विसरताहेत. गाडीत पाणी शिरलं, खालून दगड लागून बॅटरीचं कव्हर फुटलं, हे कुठल्याच वॉरंटीत येत नाही, वाढीव घ्या नाहीतर तिच्यावर आणखी वाढीव घ्या. ते विम्याचं काम. आणि विम्यात ५ वर्षांच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, निम्म्यावर येते. कोकणातल्यांनी ते ३४ हजार आधी चांगल्या झीरो डेपकडे (पार्टचा घसारा न कापणारा विमा) आणि बॅटरीच्या ॲड-ऑनकडे (विम्यातलं जादा कवच) वळवावेत.

पण गोदाकाठ, सर्व्हिस पॅकेजचा तुमचा हिशोब अर्धवट वाटतो. कूलंट आणि गिअरबॉक्सचं तेल बदलायची पाळी कितव्या वर्षी आहे ते पाहिलंत का? त्या वर्षीचं बिल ४,३०० येणार नाही. आमच्या घाटात तर सस्पेन्शनचे रबरी बुशही लवकर जातात.

आकडेमोड
बुश पॅकेजमध्ये असतात?

वाशिष्ठीची_लेक
नसतात. म्हणूनच म्हटलं, काय काय आहे ते लिहून घ्या.

गोदाकाठ
मान्य, कूलंट माझ्या डोक्यातच नव्हतं. चौथ्या वर्षी आहे. तो धरूनही तीन सर्व्हिस मिळून २१ हजार होत नाहीत, तेव्हा पॅकेजवर फुली कायम.

वॉरंटीबाबत मात्र काकांनी घोळ घातला डोक्यात. पुस्तक काढलं. ८ वर्षांच्या पानावर 'बॅटरी पॅक व मोटर' एवढंच आहे, चार्जरचं नाव नाही. म्हणून सेंटरला फोन करून सांगितलं, ऑन-बोर्ड चार्जर आणि कॉम्प्रेसर वाढीव वॉरंटीत आहेत असं छापील दाखवा, त्याच दिवशी पैसे भरतो. "सर, आत्ता व्हॉट्सॲप करतो," म्हणाला. चार दिवस झाले, काही आलं नाही. आज सकाळी मात्र त्याचाच फोन, ऑफर रविवारपर्यंतच आहे म्हणून.