‘होल’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न : शब्दकोशात ‘होल’पुढे भोक, छिद्र, बीळ, खड्डा, विवर असे शब्द ओळीने दिलेले असतात. कुठे कोणता घ्यायचा याची काही खूण आहे का? ‘भोक खणले’ असली वाक्यं हल्ली भाषांतरांत सर्रास दिसतात.

प्रतिसाद : आधी क्रियापद ठरवा. भोक पाडतात, खड्डा खणतात, मोती विंधतात, तटाला भगदाड पडतं, उंदीर बीळ करतो. क्रियापद बरोबर आलं की नाम सहसा चुकत नाही. दुसरी खूण तळाची. खड्ड्याला तळ असतो, भोक आरपार जातं. १९४३ ते १९४७ मधल्या ब्राँझच्या पैशाला म्हणूनच ‘भोकाचा पैसा’ म्हणत.

प्रतिसाद : तळाची खूण अपुरी आहे. गिट्टी (भिंतीत स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी) बसवायला भिंतीत पाडतो ते आरपार नसतं, तरी भोकच. ६ मिमीच्या गिट्टीला ड्रिलचा ६ मिमीचाच बिट लागतो, आणि भोक गिट्टीपेक्षा ५ ते १० मिमी जास्त खोल घ्यावं लागतं. नाहीतर तळाशी भुकटी साचते आणि गिट्टी बाहेर डोकावत राहते. टाइल असेल तर ती पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके देणं) बंद ठेवायचा, नाहीतर तडा जातो. तेव्हा तोंड अरुंद, खोली जास्त आणि आत काहीतरी जायचं असेल तर भोक. तोंड रुंद असेल तर खड्डा.

प्रतिसाद : विंधण्याचा उल्लेख झाला म्हणून. मणी, मोती, कानाची पाळी यांच्या भोकाला ‘वेज’ हा नेमका शब्द आहे; मोत्याला वेज पाडतात. बोअरला सरकारी कागदांत ‘विंधण विहीर’ म्हणतात तेही याच धातूवरून. सहा इंची तोंड आणि शेकडो फूट खोली, तिला खणलेली म्हणता येतच नाही. हा शब्द फार चांगला घडवलेला आहे, तो वापरात राहायला हवा.

सुईचं मात्र नेढं. डोंगरमाथ्याच्या कातळाला आरपार भोक असलं तर तेही नेढंच : रतनगडाचं नेढं, राजगडावर सुवेळा माचीचं नेढं. तिथे ‘छिद्र’ किंवा ‘गुहा’ लिहिलं तर वाचणाऱ्याला जागाच ओळखू येणार नाही.

प्रतिसाद : शिवणकामात गल्लत जास्त होते. भोकं बटणाला असतात, दोन किंवा चार. शर्टाला असतं ते काज. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी : १५ मिमी बटण ३ मिमी जाड असेल तर काज १८ मिमी. हाताने करताना आधी चीर देऊन मग कडा टाक्यांनी भरतात; मशीनवर आधी शिवून मग मधे कापतात. कडा शिवलेली नसेल तर ती नुसती चीर. काज ‘पाडत’ नाहीत, करतात.

मूळ प्रश्नकर्ता : आणि जोडशब्द? ओझोन होल, पॉटहोल, लूपहोल?

प्रतिसाद : ‘ओझोनच्या थराला भोक’ हे शास्त्रदृष्ट्याही चूक. अंटार्क्टिकावरचा ओझोन तिथे संपलेला नसतो, फार कमी झालेला असतो. २२० डॉब्सन एककांखाली (हे ओझोनच्या प्रमाणाचं एकक) गेला की त्या भागाला हे नाव देतात. ‘ओझोनचा थर विरळ होणे’ लिहावं. ‘ब्लॅक होल’साठी कृष्णविवर रुळलेलं आहे. चंद्रावरची विवरं आणि लोणारचं विवर यांच्याशी शब्द एक झाला खरा, पण ‘कृष्ण’ जोडल्याने घोटाळा होत नाही.

पॉटहोल रस्त्यावरचा असेल तर साधा खड्डा. भूगोलाच्या लेखात तो नदीच्या पात्रातला असेल तर रांजणखळगा. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रात आहेत ते. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगरून खडकात रांजणासारखे खोल खळगे कोरले जातात. तिथे ‘नदीतले खड्डे’ लिहिणं म्हणजे तयार, सुंदर शब्द वाया घालवणं.

गोल्फमधलं होल तसंच ठेवावं. तिथे तो शब्द १०८ मिमी व्यासाच्या खळीला लागतो तसा टीपासून (पहिला फटका मारतात ती जागा) खळीपर्यंतच्या पूर्ण पट्ट्यालाही. ‘१८ होलचं मैदान’चं ‘१८ भोकांचं मैदान’ करून काहीच कळत नाही.

प्रतिसाद : लूपहोल म्हणजे कायद्यातली पळवाट, हे ठीक. पण त्या शब्दाचा जुना अर्थ तटबंदीतली मारा करायची अरुंद फट असा आहे, आणि तिला आपल्याकडे जंगी म्हणतात. आतून ऐसपैस, बाहेरून अरुंद, बहुधा खाली उतरती, म्हणजे तटाच्या पायथ्याशी आलेल्यावरही नेम धरता येतो आणि बाहेरच्याला आतला माणूस दिसत नाही. इंग्रजी कागदपत्रांतलं किल्ल्याचं वर्णन मराठीत आणताना ‘बुरुजात अनेक पळवाटा होत्या’ असं लिहिलं तर अर्थ नेमका उलटा होतो. तिथे ‘जंग्या’च हव्यात.