कर खात्यातला माझा जबाब विरोधकाच्या हाती! खात्याला कोर्टात कसे खेचू?

अडतवाला:
नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. कर खात्याने दुकानावर सर्व्हे (तपासणी) केला तेव्हा मी दिलेल्या जबाबाची झेरॉक्स माझ्या जुन्या भागीदाराने दिवाणी दाव्यात लावली आहे. कुणाकडे किती उधारी, कोणाला काय भाव, सगळे त्यात आहे. आता बाजारभर झाले. वकील म्हणतात "बघू". मला बघत बसायचे नाही. कोणते कलम, कुठे अर्ज, एवढेच सांगा.

पाटीलबुवा:
माहिती अधिकार टाका. दहा रुपयांत काम. मी फेरफाराच्या नोंदीसाठी टाकला होता, तलाठी घरी आला.

मेघना_सीए:
हा फेरफार नाही, पाटीलबुवा.
अडतवाला, सर्व्हे आयकराचा की जीएसटीचा? कायदाच वेगळा लागतो. भागीदार तेव्हा फर्ममध्ये होता का? आणि जबाबाची प्रत तुमच्याकडून कुणाकुणाकडे गेली? कर्जासाठी बँकेत वगैरे?

अडतवाला:
आयकर हो, दुसरे कोण. भागीदार त्याआधीच वेगळा झाला होता. आणि प्रत मला मिळालीच नाही! मागितली तर नंतर देऊ म्हणाले.

मेघना_सीए:
अहो, हे पहिल्यांदा सांगायचे! सगळ्यात मोठा मुद्दा तोच आहे.

सदानंद७७:
आयकर लोकपालाकडे जा. फुकट असते, आमच्या साडूचे काम झाले होते.

मेघना_सीए:
ती कार्यालये २०१९ मध्येच बंद झाली. आता आयकर पोर्टलवर ई-निवारणमध्ये तक्रार टाकायची, नाहीतर केंद्राचे तक्रार पोर्टल.

निवृत्त_निरीक्षक:
खात्यात आयुष्य गेले म्हणून सांगतो, कागद दर वेळी खात्यातूनच फुटतो असे नाही. कर-निर्धारणाच्या (कर किती ते ठरवण्याच्या) नोटिशीसोबत जबाब जोडलेला असू शकतो. ती नोटीस पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये पडते, आणि पासवर्ड सीएच्या कारकुनालाही माहीत असतो. झेरॉक्सच्या कोपऱ्यात, खात्याच्या फाइलमध्ये असतो तसा, हाताने घातलेला पान क्रमांक आहे का बघा. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १३८ खाली कुणीही दुसऱ्याची माहिती मागू शकतो. जनहित वाटले तर आयकराचे प्रधान आयुक्त ती देतात, आणि त्या निर्णयाला कोर्टात आव्हान नाही असे कलमातच लिहिले आहे.

वकीलकाका:
साहेब, त्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ ची उच्च न्यायालयातली रिट याचिका अडत नाही. भागीदाराच्या खासगी दाव्यात कसले जनहित?
अडतवाला, त्याच कायद्याच्या कलम २८० नुसार बेकायदा माहिती फोडणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण खटल्याला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. थेट फौजदारी टाकाल तर दारातूनच परत याल. आधी प्रधान आयुक्तांना लेखी विचारा: माझा जबाब कुणाला, कोणत्या आदेशाने दिला? उत्तर टाळले तर रिट. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे, सहा जिल्ह्यांसाठी; तुमचा जिल्हा त्यात असेल तर मुंबईला जायला नको.

पाटीलबुवा:
म्हणजे माहिती अधिकारच झाला ना! भागीदारानेही जबाब तसाच मिळवला असेल.

वकीलकाका:
सहज मिळत नाही. गिरीश देशपांडे प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने आयकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती ठरवली. आणि दिला असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ ची नोटीस अडतवाल्यांना आधी यायला हवी होती. आली होती का?

अडतवाला:
नाही. काहीच नाही. आणि हो, कोपऱ्यात पेनने आकडा आहे, गोल केलेला. मग हा कागद दाव्यातून बाहेर काढता येईल ना?

वकीलकाका:
तिथे आशा ठेवू नका. पूरणमल निकाल (१९७४) आयकराच्याच धाडीचा होता. पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्यावरून तो बाद होत नाही. तुमच्या वकिलांना सांगा, कागद कुठून आला हे भागीदाराने प्रतिज्ञापत्रावर सांगावे असा अर्ज द्या. खोटे बोलला तर अडकेल, खरे बोलला तर रिटला नाव मिळेल.

निवृत्त_निरीक्षक:
गोल केलेला आकडा फाइलचाच दिसतो. तरी आरोप नावानिशी करू नका. फाइल बऱ्याच टेबलांवरून फिरते, त्यात एखाद्या निर्दोष माणसाची नोकरी जाईल.

अडतवाला:
माझी गिऱ्हाइके गेली, त्याचे काय? सोमवारी प्रधान आयुक्तांना पत्र देतो. मसुदा कुणी तपासून देईल का?

मेघना_सीए:
व्यनि (खासगी निरोप) करा. जबाब इथे चिकटवू नका.

सदानंद७७:
मॅडम, माझा रिफंड अडकला आहे, त्याचेही ई-निवारणवरच टाकू का?